डाळिंबाच्या खोडाला सुईएवढी छिद्रं : पेस्ट लावूनही पिन होल बोरर दर बहाराला परत का येतो?

सकाळी बागेत शिरलं की बुंध्याशी पिठासारखा भुसा सांडलेला दिसतो. ड्रीपच्या नळीवर, खोडाच्या बेचक्यात, कोळ्याच्या जाळ्यातसुद्धा. बोटाने पुसला की खाली टाचणीने टोचल्यासारखं एक छिद्र. आपण म्हणतो, एकच तर आहे. आठ दिवसांनी त्याच खोडावर वीस असतात. गेल्या वर्षी पेस्ट लावलेली असते, औषध मारलेलं असतं, आळवणी, म्हणजे मुळाशी औषधाचं पाणी ओतणं, झालेली असते, आणि तरी पुन्हा तेच.

आमची भगवा वाणाच्या डाळिंबाची अडीच एकर बाग सांगोल्याकडे आहे. २०२०-२१ च्या पावसाळ्यांनंतर या भागात आणि आटपाडीकडे कितीतरी बागा या किडीने, म्हणजे पिन होल बोरर नावाच्या बारीक भुंगेऱ्याने, आणि तिच्याबरोबरच्या मर रोगाने काढाव्या लागल्या. आमचीही साठ झाडं गेली. ती झाडं करवतीने कापताना आत जे दिसलं, त्यानंतर या भुंगेऱ्याकडे बघायची माझी नजरच बदलली. तोवर आम्ही खोडातल्या किड्याला मारायच्या मागे होतो. खरा प्रश्न होता, नवी मादी कुठून येते, कधी येते आणि नेमकं हेच झाड का निवडते. ज्यांच्याकडे ही कीड दरवर्षी परत येते, त्यांनी उपाय बदलायच्या आधी एवढं समजून घ्यावं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी कीड कोणती ते पक्कं करा

निम्म्या बागांत चुकीच्या किडीवर खर्च होतो. खोडावरचं छिद्र पेन्सिल जाईल एवढं मोठं असेल, भुसा जाडाभरडा आणि ओलसर पडत असेल, तर तो लांब मिशांच्या भुंगेऱ्याचा खोडकिडा आहे. खोडावर साल कुरतडलेली असेल आणि तिच्यावर विष्ठा व रेशमी धाग्यांच्या पट्ट्या चिकटलेल्या असतील, तर ती साल खाणारी अळी. मातीचे बोगदे खोडावर चढलेले असतील तर वाळवी. पिन होल बोररचं छिद्र एक मिलीमीटरपेक्षाही बारीक, अगदी गोल, कड स्वच्छ. भुसा मैद्यासारखा. छिद्राभोवती साल ओलसर, काळपट होते. साल चाकूने खरवडली तर खालचं लाकूड तपकिरी डागाळलेलं असतं.

सोबत भिंग ठेवा. शाळेतल्या पोरांच्या दप्तरातलं चालतं. मादी दोन-अडीच मिलीमीटरची, म्हणजे राजगिऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडी लांब, काळी-तपकिरी, नळकांडीसारखी. वरून बघितलं तर डोकं दिसतच नाही, ते छातीच्या ढालीखाली वाकलेलं असतं. आपल्याकडे डाळिंबात प्रामुख्याने युवॅलेशिया फॉर्निकेटस आणि झायलेबोरस परफोरान्स या जाती सापडतात. पहिलीचं जुनं नाव झायलेबोरस फॉर्निकेटस, त्यामुळे जुन्या पत्रकांत ते नाव दिसलं तरी कीड तीच समजा. हिलाच कुणी शॉट होल बोरर म्हणतं, कुणी पिन होल बोरर.

खोड चिरून बघा

वाळलेलं एखादं खोड असेल तर ते कोयत्याने उभं फोडा. आम्ही पहिलं खोड फोडलं तेव्हा आत काळ्या शाईने रेघोट्या ओढल्यासारखे बोगदे होते. छिद्रातून मादी थोडी सरळ आत जाते, मग वळते आणि खोडाला कड्यासारखा वेढा घालत फांद्या फोडते. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत हिच्याच गटातल्या किडीमुळे झुडपांच्या फांद्या अशा कड्यापाशी वाऱ्याने मोडतात. फॉर्निकेटसचं पहिलं शास्त्रीय वर्णनही १८६८ मध्ये तिथल्याच, तेव्हाच्या सिलोनच्या, नमुन्यांवरून झालं.

बोगद्याच्या भिंतीवर भिंगातून बघितलं की पांढुरकी, ओलसर बुरशी दिसते. तिच्यावर बिनपायाच्या पांढऱ्या अळ्या. हीच सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. हा भुंगेरा लाकूड खात नाही. लाकूड पोखरून भुसा बाहेर ढकलतो आणि रिकाम्या बोगद्यात बुरशी पिकवतो. आई, अळ्या, नवे भुंगेरे, सगळे त्या बुरशीवर जगतात. बुरशीचं बियाणं मादी स्वतः आणते. फॉर्निकेटसच्या तोंडाजवळ त्यासाठी बारीक पिशव्या असतात, दुसऱ्या काही जातींत ती पिशवी पाठीवर असते. १८३६ मध्ये श्मिडबर्गर या ऑस्ट्रियातल्या अभ्यासकाला बोगद्यात हा पांढरा थर दिसला. तो काय आहे हे कळेना, म्हणून त्याने त्याला देवांच्या अन्नाचं नाव दिलं, अँब्रोसिया. ती बुरशी आहे हे हार्टिग या जर्मन वनशास्त्रज्ञाने १८४४ मध्ये ओळखलं. म्हणून या सगळ्या गटाला अँब्रोसिया भुंगेरे म्हणतात. माणूस पेरायला शिकला त्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून हे जीव खोडात शेती करतायत. मला हे वाचून पहिल्यांदा त्या किडीबद्दल आदर वाटला, आणि तिच्याशी झगडा किती अवघड आहे हेही कळलं.

आता तिचं घर कसं चालतं ते बघा. खोड फोडल्यावर बऱ्याच माद्यांच्या गर्दीत एखादा लहानखुरा, फिकट, कुबड्या भुंगेरा सापडतो. तो नर. त्याला उडता येत नाही. तो जन्मतो त्याच बोगद्यात, आपल्याच बहिणींशी जोडी करतो आणि बहुतेक वेळा तिथेच मरतो. फळलेल्या अंड्यातून मादी होते, न फळलेल्या अंड्यातून नर. त्यामुळे आई थोडेच नर घालते, दहा-बारा मुलींमागे एखादा. मुली बोगद्यातच फळून, बुरशीचं बी पिशवीत भरून बाहेर पडतात. त्यांना बाहेर जोडीदार शोधायचा नसतो. एकटी मादी नव्या बागेत उतरली तरी वस्ती उभी राहते. एखादी न फळलेली मादी आलीच, तर ती आधी मुलगा घालते, तो मोठा झाला की त्याच्याशी जोडी करते आणि मग मुली घालते.

म्हणून नर पकडून हिचं प्रजनन थांबवता येत नाही. आणि उबदार हवेत अंड्यापासून उडणाऱ्या मादीपर्यंत साधारण महिना-दीड महिना पुरतो. एका बहारात किती पिढ्या होतात ते बोटांवर मोजून बघा.

मादी उडते कधी, आणि येते कुणाच्या बोलावण्याने

या किडीच्या आयुष्यातला उघड्यावरचा काळ म्हणजे फक्त हे उड्डाण. एका खोडातून निघून दुसऱ्या खोडात शिरेपर्यंतचे काही तास किंवा फार तर थोडे दिवस. आपलं औषध तिच्या अंगाला लागू शकतं ते तेवढ्याच वेळात. एकदा ती आत गेली की दारात भुशाचा बोळा असतो, पुष्कळदा आई स्वतःच शेपटाकडून दार अडवून बसते.

बहुतेक जाती दुपार कलल्यापासून तिन्हीसांजेपर्यंत उडतात. हवा साधारण २० अंशांच्या खाली असेल तर हालचाल मंदावते. थंड देशांत त्यामुळे वसंतात एकदम झुंबड उडते आणि तिथल्या माळ्यांना फवारणीची तारीख धरता येते. आपल्या सोलापूर-सांगलीच्या हवेत तसं नाही. जानेवारीतही दुपारी पारा तिशीला टेकतो, म्हणजे पूर्ण बंद असा महिना आपल्याला मिळत नाही. पण जोर सारखा नसतो, तो झाडाच्या अवस्थेवर ठरतो. आणि या गटातल्या माद्या फार लांब जायला बघत नाहीत. पुष्कळ जणी त्याच झाडावर वीतभर वर नवं छिद्र पाडतात, नाहीतर शेजारच्या ओळीत जातात. एका ओळीत दहा झाडं ओळीने गेलेली दिसतात ती यामुळे.

आता बोलावण्याचं. झाडाच्या मुळांना हवा मिळेनाशी झाली की मुळांत आंबण्याची क्रिया सुरू होते आणि इथेनॉल तयार होतं, म्हणजे आपल्या भाषेत स्पिरिट. ते रसाबरोबर खोडात चढतं आणि सालीतून बाहेर सुटतं. आपल्या नाकाला येत नाही, भुंगेऱ्याच्या मिशांना येतं. अमेरिकेत ओहायोमध्ये रोपवाटिकेतली झाडं मुद्दाम पाण्यात ठेवून प्रयोग झाले. पाणी साचलेल्या झाडांवर अँब्रोसिया भुंगेरे तुटून पडले, आणि शेजारच्या निचऱ्याच्या झाडांना त्यांनी हात लावला नाही. मग २०१८ मध्ये अमेरिका आणि जर्मनीतल्या संशोधकांनी याचं कारण दाखवलं : खोडातल्या इथेनॉलमध्ये भुंगेऱ्याची बुरशी जोमाने वाढते आणि बोगद्यातलं तण, म्हणजे परक्या बुरश्या, दबून राहतात. मादी वासाने जाते ती आपल्या पिकाला मानवेल अशी जमीन शोधत.

इथे एक खबरदारी. सगळ्या जातींची ओढ सारखी नाही. फॉर्निकेटसच्या गटाला इथेनॉलपेक्षा बुरशीशी निगडित अशा दुसऱ्या गंधाची, क्वेर्सिव्हेरॉलची, ओढ जास्त आहे, आणि ही कीड वरून निरोगी दिसणाऱ्या झाडातही शिरते. म्हणून ‘माझं झाड ठणठणीत आहे, मला भीती नाही’ असं कुणी समजू नये. तरी आपल्या बागांत मी जिथे जिथे पाहिलं, सुरुवात नेहमी त्याच जागी झालेली होती : उताराच्या खालच्या कोपऱ्यात, लॅटरल, म्हणजे ड्रीपची नळी, जोडाला गळत होती तिथे, बांधालगत पाणी तुंबत होतं तिथे, किंवा बुंध्याला ड्रीपर चिकटलेला होता तिथे.

आणि आता आपला बहार, म्हणजे झाडाला फुलं-फळं धरायला लावायचा हंगाम, आठवा. पाणी तोडायचं, ताण द्यायचा, इथ्रेल मारून पानगळ करायची, छाटणी करायची, जखमा उघड्या, मग एक दिवस भरपूर पाणी सोडायचं. महिनाभर कोरड्या राहिलेल्या मुळांवर भारी काळ्या जमिनीत एकदम पाट सोडल्यासारखं पाणी. हस्त बहार असेल तर वरून परतीचा पाऊस. त्या पंधरवड्यात झाडाला पानंही पुरती नसतात, पाणी ओढून घ्यायची ताकद नसते, मुळं बुडालेली असतात. ‘बहार धरला की बोरर येतो’ असं आपण म्हणतो ते खोटं नाही. त्याचा दोष नुसत्या ताणाला देणं मात्र मला पटत नाही. ताण सोडल्यावरचं पाणी जास्त नुकसान करतं.

आजवर केलेले उपाय का फसले

आम्ही काय काय केलं ते सांगतो. दुकानातून सल्ला मिळाला, सिरिंजने छिद्रात औषध सोडा आणि चिखलाने बुजवा. मी आणि माझ्या चुलतभावाने दोन दिवस उकिडवं बसून हे केलं. मोठ्या खोडकिड्याला हा उपाय बरोबर आहे, तिथे एक छिद्र, एक अळी. इथे सुई छिद्रात जातच नव्हती, औषध सालीवरून ओघळत होतं. आत बोगद्याला फाटे, आणि एका खोडावर शंभर दारं. वेळ गेला, औषध गेलं, झाडंही गेली.

मग आंतरप्रवाही औषधांच्या आळवण्या. आळवणीने मुळाभोवतालच्या रोगावर आणि सूत्रकृमीवर काम होऊ शकतं, पण भुंगेरा लाकूड गिळत नसल्याने रसातून चढलेलं कीटकनाशक त्याच्या पोटात पुरेसं जात नाही. हे समजलं तेव्हा मागच्या तीन आळवण्यांचा खर्च डोळ्यांसमोर आला.

पेस्टचं काय चुकलं? पेस्ट चुकीची नव्हती, दिवस चुकला. आम्ही छिद्रं दिसल्यावर लावायचो. गेरू, कॉपर ऑक्सिक्लोराईड आणि कीटकनाशक यांचा लेप हा बाहेरून येणाऱ्या मादीसाठी आहे. ती सालीवर उतरते, जागा शोधत फिरते, दात लावते, तेव्हा तिथे लेप पाहिजे. आत बसलेलीला त्याचं काही नाही. एका वर्षी तर लेपावर गोणपाट गुंडाळलं, टिकेल म्हणून. खाली साल महिनाभर ओली राहिली आणि त्याच पट्ट्यात सर्वांत जास्त छिद्रं निघाली.

हे फक्त आपल्याकडेच घडतंय असं नाही. हीच कीड इस्रायल आणि कॅलिफोर्नियात अव्होकॅडोत शिरली, दक्षिण आफ्रिकेत २०१७ मध्ये पीटरमारित्झबर्गच्या वनस्पती उद्यानात सापडली आणि नंतर कितीतरी शहरांतली रस्त्याकडेची झाडं गेली. ऑस्ट्रेलियात पर्थजवळ २०२१ मध्ये सापडल्यावर सरकारने हजारो झाडं तोडली, तरी २०२५ मध्ये समूळ उच्चाटनाचा कार्यक्रम सोडून आटोक्यात ठेवण्यावर यावं लागलं. खोडात शिरलेली कीड बाहेर काढणारं औषध त्यांच्याकडेही नाही.

आता क्रम असा ठेवा

ताण द्यायच्या आधी पंधरा दिवस बागेतून एक फेरी मारा, हातात भिंग आणि चुन्याची डबी घेऊन. ज्या खोडावर छिद्र त्याला चुन्याचा पट्टा. पट्टे कुठे जास्त पडतात ते बघा, पाणी कुठे तुंबतं ते आपोआप कळतं. आमच्या बागेत चौदा पट्टे एका गळक्या सबमेनच्या खाली पडले होते. तिथे पाच वर्षं आम्ही औषधं मारत होतो. दुरुस्त करायची होती ती फक्त पाइप.

छिद्रं असलेल्या झाडाला या वर्षी बहार धरू नका. हे जीवावर येतं, मला माहीत आहे. पण ताण देऊन ते झाड तुम्ही वस्तीसाठी तयार करता, आणि त्यातून निघालेल्या माद्या शेजारच्या दहा झाडांवर बसतात.

पेस्ट ताणापूर्वी आणि छाटणीनंतर लगेच, बुंध्यापासून दोन-अडीच फुटांपर्यंत, बेचक्यांत ब्रश खुपसून लावा. पहिले हल्ले बहुतेक याच उंचीत होतात. पावसाने धुतली तर पुन्हा लावा. घटकांचं प्रमाण सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या चालू वर्षाच्या वेळापत्रकातून घ्या. शिफारशी बदलतात आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारी प्रमाणं कुठल्या साली निघाली ते कळत नाही. युरोपला माल पाठवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा : क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाला युरोपीय संघाने २०२० मध्ये मुदतवाढ नाकारली आणि अवशेषांची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम इतकी खाली आणली. अनारनेटवर, म्हणजे निर्यातीच्या डाळिंब बागांच्या सरकारी नोंदणीत, नाव असलेल्या बागेत लेपात काय घालायचं ते निर्यातदाराशी बोलूनच ठरवा. लेप लावताना हातमोजे आणि तोंडाला फडकं असू द्या, बायामाणसं उघड्या हातांनी गेरू कालवताना पाहिलं की काळजाचं पाणी होतं.

ताण सोडताना पहिलं पाणी हलकं. भारी जमिनीत एका दिवशी सहा तास ड्रीप चालवण्यापेक्षा तेच पाणी चार-पाच दिवसांत वाटून द्या आणि मधे वाफसा येऊ द्या. ड्रीपर बुंध्यापासून निदान फूट-दीड फूट लांब, झाडाच्या घेरापाशी सरकवा. बुंध्याभोवती माती चढवून त्याचा खड्डा होऊ देऊ नका, पाणी तिथेच मुरतं. पावसाळ्याआधी खालच्या अंगाला चर काढा. माझ्या मते या एका परिच्छेदातल्या कामांनी पेस्टपेक्षा जास्त फरक पडतो, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

उड्डाण कळावं म्हणून बाटली टांगा. दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली उलटी करून बाजूंना तीन खिडक्या कापायच्या, खाली बुचाकडे साबणाचं पाणी, वर तारेने छोटी डबी आणि तिच्यात इथेनॉलवालं हँड सॅनिटायझर. जमिनीपासून कमरेच्या उंचीपर्यंत, बागेच्या कडेला. दर चार दिवसांनी पाणी गाळून बघा. अचानक दहा-वीस बारीक भुंगेरे दिसले की समजा उड्डाण चालू आहे, त्याच आठवड्यात लेप तपासा. पण फॉर्निकेटसला इथेनॉलची ओढ कमी असल्याने बाटली रिकामी राहिली म्हणून निर्धास्त होऊ नका. बाटलीने किडीचा नायनाटही होत नाही. वेळ कळते, एवढाच तिचा उपयोग.

ज्याकडे कुणी बघत नाही : सरपण आणि एरंड

काढलेली झाडं आपण कुठे टाकतो? बांधावर. सरपणाला चांगली म्हणून ढीग घालतो. त्या ओल्या लाकडात बुरशी जगते आणि महिनोन्‌महिने माद्या बाहेर पडत राहतात. थेट बागेच्या कडेला, वाऱ्याच्या तोंडाशी. आमच्याकडे दरवर्षी कीड परत येण्याचं अर्धं उत्तर इथे होतं. मी तो ढीग फोडला तेव्हा चार महिन्यांपूर्वी कापलेल्या खोडात जिवंत, पांढऱ्या अळ्या होत्या.

कापलं त्याच दिवशी जाळा. जाळणं शक्य नसेल तर कुट्टी यंत्रातून इंचाहून बारीक तुकडे करा, त्यात बहुतेक कीड मरते. तेही नसेल तर एप्रिल-मेच्या उन्हात ढीग पारदर्शक प्लॅस्टिकने चारी बाजूंनी मातीत दाबून निदान सहा आठवडे झाका. ताडपत्री चालत नाही, ऊन आत गेलं पाहिजे. लाकूड गाडीत भरून पाहुण्यांच्या गावी पाठवू नका. स्वतःच्या पंखांवर ही मादी तिथवर जात नाही, आपण तिला घेऊन जातो.

आणि बांधावरचा एरंड तपासा. कॅलिफोर्नियात आणि श्रीलंकेत ही कीड एरंडाच्या खोडात आनंदाने पिलावते. आपल्या बांधांवर एरंड आपोआप उगवतो, कुणी वारा अडवायला मुद्दाम लावतं. त्याचं खोड छिद्रांनी भरलेलं असेल तर मुळापासून काढून जाळा. सापळा म्हणून लावला असेल तर त्यात पिढी तयार व्हायच्या आत तोडायची शिस्त पाहिजे. ती पाळली नाही तर तो एरंड सापळा राहत नाही, बागेच्या कडेला किडीची रोपवाटिका होते.

झाड वाळतंय ते बोररने की मर रोगाने?

पुष्कळदा दोन्हीने. मर रोगाची मुख्य बुरशी सेराटोसिस्टिस फिम्ब्रिएटा. नव्वदच्या दशकात विजापूर भागातल्या डाळिंबांत ती ओळखली गेली. ती मातीतून आणि रोगट कलमांतून येते, आणि भुंगेऱ्याने बाहेर टाकलेल्या भुशातूनही पसरते. आडवं खोड कापून बघा. बोगद्यांशेजारी आतलं लाकूड राखाडी-तपकिरी होऊन ताऱ्यासारखे डाग बाहेरच्या बाजूला पसरलेले असतील तर मर आहे असं धरा. अशा झाडाला पेस्ट लावण्यात अर्थ नाही. मुळासकट काढा, ती जागा आणि शेजारची निरोगी झाडं यांच्या मधे तीन-चार फूट खोल चर घ्या, करवत आणि कात्री सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणात बुडवल्याशिवाय पुढच्या झाडाला लावू नका. मुळं उपटली की गाठी दिसतात का तेही बघा. सूत्रकृमीने अशक्त झालेलं झाड या दोघांना आयतं मिळतं.

पुन्हा लागवड करताना गुटी कलमं कुणाच्या बागेतून आली ते विचारा. पडलेल्या बागेची कलमं स्वस्त मिळतात म्हणून घेणारे मी पाहिलेत. आणि प्रत्येक झाडाला तीन-चार खोडं राखा. एक खोड किडीने गेलं तर ते बुंध्यातून कापून बाकीच्यांवर झाड उभं राहतं.

यंदा आम्ही आंबे बहार धरला. ताणाआधीच्या फेरीत सहा खोडांवर चुन्याचे पट्टे पडले, तीन वर्षांपूर्वी ते एकशे दहा होते. ती सहा झाडं बहाराबाहेर ठेवली आहेत. शेजारच्या आबांच्या बांधावर जुन्या डाळिंबाच्या लाकडाचा ढीग अजून पडून आहे. काल संध्याकाळी त्यांच्यासमोर त्यातलं एक खोड फोडलं, बोगद्यातल्या अळ्या त्यांनी स्वतः भिंगातून बघितल्या. रविवारी सकाळी दोन्ही घरची माणसं मिळून तो ढीग पेटवणार आहोत.